एकच आकडा, दोन रिकाम्या जागा: दोन्ही संख्या माहीत नसलेली बेरजेची उदाहरणं लहान मुलांना कशी शिकवावीत

फळ्यावर मी लिहिलं होतं: ‘आईने ७ बोरं दिली. काही डाव्या खिशात ठेवली, काही उजव्या खिशात. डाव्या खिशात किती? उजव्या खिशात किती?’ वर्ग पहिलीचा. मिनिटभर कोणीच बोललं नाही. मग पुढच्या ओळीतला एक मुलगा उठून फळ्यापाशी आला, त्याने ओळीवरून बोट फिरवलं आणि अगदी काळजीने म्हणाला, “मॅडम, दुसरा आकडा लिहायचा राहिला.” मागच्या तिघांनी तोवर पाटीवर ७ + ७ = १४ मांडून टाकलं होतं. एका मुलीने नुसता ७ लिहिला होता आणि पुढचं मी फळ्यावर लिहीन म्हणून ती खडू धरून बसली होती.

त्या दिवशी मी घाई केली. “३ आणि ४,” असं सांगून मोकळी झाले. मुलांनी उतरवून घेतलं. पण २ आणि ५ सुद्धा बरोबर होतं, ६ आणि १ सुद्धा बरोबर होतं, आणि ते शोधायची संधी मीच काढून घेतली होती. पुढची काही वर्षं हा प्रकार मी वेगवेगळ्या पद्धतींनी शिकवून पाहिला. जे जमलं ते इथे क्रमाने मांडते आहे. पहिली-दुसरीला नव्याने शिकवायला लागलेले शिक्षक, अंगणवाडीताई आणि घरी मुलांचा अभ्यास घेणारे आईबाबा किंवा आजीआजोबा, सगळ्यांना हे करता येईल.

आधी हा प्रकार कोणता ते स्पष्ट करून घेऊ. नेहमीच्या बेरजेत दोन भाग दिलेले असतात, एकूण शोधायचं असतं: ३ बोरं आणि ४ बोरं, मिळून किती? दुसऱ्या प्रकारात एकूण आणि एक भाग दिलेला असतो: ७ पैकी ३ डाव्या खिशात, मग उजव्यात किती? आणि तिसऱ्या प्रकारात फक्त एकूण दिलेलं असतं, दोन्ही भाग मुलाने ठरवायचे असतात. हा तिसरा प्रकार आपल्याकडे फारसा घेतला जात नाही. माझी मावसबहीण अमेरिकेत असते. तिच्या मुलीच्या बालवाडीतला कागद तिने मला फोटो काढून पाठवला होता, “यात काय विचारलंय तेच कळत नाही” म्हणून. कागदावर एक आकडा आणि दोन रिकाम्या चौकटी होत्या. तिकडे २०१० साली जाहीर झालेल्या ‘कॉमन कोअर’ गणित मानकांत (कुठल्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं याच्या यादीत) शाब्दिक उदाहरणांच्या प्रकारांचा एक तक्ता आहे, त्यात हा प्रकार वेगळा नोंदवलेला आहे. तिथलं उदाहरण साधंच आहे: आजीकडे ५ फुलं आहेत, लाल फुलदाणीत किती ठेवता येतील आणि निळ्या फुलदाणीत किती? आणि हा प्रकार ते बालवाडीच्याच वर्षी घेतात, एक भाग झाकलेली उदाहरणं त्यानंतर, पहिलीत. मला आधी हा क्रम उलटा वाटला होता. मुलांबरोबर करून पाहिल्यावर पटला. जी संख्या मुलाने स्वतः दहा वेळा फोडली आहे, तिचा एक भाग झाकला तर दुसरा त्याला सांगता येतो.

हे का शिकवायचं, असं पालक विचारतात. मी त्यांना ८ + ५ करायला सांगते. बोटं न मोजता ही बेरीज करायची तर ५ चे २ आणि ३ असे दोन भाग करावे लागतात. ८ आणि २ दहा, वर ३, तेरा. पाचातून नेमके दोन सुटे करणं ज्याच्या हाताला सवयीचं आहे, त्याला हातच्याची बेरीज जड जात नाही. ज्याला नाही, तो चौथीतही टेबलाखाली बोटं मोजतो.

काय काय लागेल

विकत आणायचं जवळजवळ काहीच नाही.

• दहा-बारा चिंचोके, एका बाजूने पांढरे केलेले. चिंचोका खरखरीत फरशीवर घासला की तपकिरी साल निघून आतला पांढरा भाग दिसतो. कवड्या असतील तर त्याही चालतात: उताणी आणि पालथी.
• दोन वेगळ्या रंगांच्या ताटल्या किंवा झाकणं. रंग वेगळेच हवेत, कारण खाली येईल.
• एकाच रंगाचे दहा मणी ओवलेला दोरा आणि कपडे वाळत घालायचा एक चिमटा.
• एक रुमाल.
• पाटी, खडू, जमिनीवर गोल काढायला जागा.

अंगणवाडीच्या वयाची मुलं असतील तर चिंचोके आणि मणी बाजूला ठेवा. या वयाची मुलं ते नाकाकानात घालतात, तोंडात टाकतात. त्यांच्यासाठी बाटल्यांची मोठी बुचं घ्या, एका बाजूला रंग लावून.

पायरी १: मूल तयार आहे का, ते पाहा

पाच बुचं एका ओळीत ठेवून मोजायला सांगा. “पाच,” असं म्हणाल्यावर तीच बुचं त्याच्यादेखत लांब लांब पसरवा आणि विचारा, “आता किती?” मूल पटकन “पाचच” म्हणालं तर पुढे चला. पुन्हा एक-दोन-तीन करत मोजायला लागलं, किंवा “जास्त झाले” म्हणालं, तर आठवडाभर नुसते मोजण्याचे, मांडण्याचे खेळ घ्या. जागा बदलली म्हणून संख्या बदलत नाही हे ज्याला अजून पक्कं झालेलं नाही, त्याला ‘पाच म्हणजे दोन आणि तीन’ हे पटणार नाही.

पायरी २: गोष्ट अंगाने खेळा

पाच मुलं पुढे बोलवा. जमिनीवर खडूने दोन मोठे गोल काढा, एकाला ‘अंगण’ म्हणा, एकाला ‘ओटा’. टाळी वाजली की प्रत्येकाने हवं त्या गोलात उडी मारायची. बाकीच्या वर्गाने ओरडून सांगायचं: “अंगणात दोन, ओट्यावर तीन!” पुन्हा टाळी, पुन्हा उड्या. दर वेळी मी एकच प्रश्न जोडते: “आणि सगळे मिळून?” पहिल्या दोन-तीन वेळा मुलं मोजतात. चौथ्या-पाचव्या वेळी ती हसायला लागतात, “मॅडम, पाचच ना, किती वेळा विचारता!” ते ऐकलं की पायरी पार पडली असं समजा.

कधीतरी पाचही जण एकाच गोलात उड्या मारतात. हा क्षण सोडू नका. “ओट्यावर किती?” “कोणीच नाही.” “मग किती लिहू?” शून्य इथे आपणहून येतं, वेगळं शिकवावं लागत नाही.

या पायरीला फाटा देऊन थेट वहीवर जायचा मोह होतो. तो टाळा. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात थॉमस कार्पेंटर, एलिझाबेथ फेनेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलं शाब्दिक उदाहरणं कशी सोडवतात याचा बारकाईने अभ्यास केला. मुलं आधी गोष्टीतली कृती वस्तूंनी जशीच्या तशी करून बघतात आणि त्यातून उत्तर काढतात, बेरीज-वजाबाकीची चिन्हं शिकवण्याच्याही आधी, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्या वर्गात बसून पाहिलं तरी हेच दिसतं. बोरं खिशात घालायला मिळाली तर मूल अडत नाही. फळ्यावर ‘बोरं’ हा शब्द दिसला की अडतं.

पायरी ३: चिंचोके टाका

मुलांना हा खेळ सगळ्यात जास्त आवडतो, आणि मीही सगळ्यात जास्त वेळ इथेच देते. दोघादोघांच्या जोड्या करा. जोडीला पाच चिंचोके द्या. एकाने मुठीत खुळखुळवून टाकायचे, दुसऱ्याने सांगायचं: पांढरे किती, तपकिरी किती. पाटीवर मधोमध रेघ मारून दोन्ही बाजूंना आकडे लिहायचे. दहा वेळा टाकून झालं की पाटी भरते.

आता पाटी वाचायला लावा. “कुठली जोडी परत परत आली?” “कुठली एकदाही आली नाही?” पाचही पांढरे पडणं विरळा, त्यामुळे ५ आणि ० बऱ्याच पाट्यांवर नसतं. तेव्हा मुलांमध्ये वाद होतो: जे पडलंच नाही ते लिहायचं की नाही? हा वाद होऊ द्या. पडलं नसलं तरी पडू शकतं, हे मुलांनी एकमेकांना समजावून सांगितलं तर ते मुरतं.

पाच नीट झाले की सहा, मग सात. पहिलीत मी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सातच्या पुढे जात नाही. दहाची घाई करण्यात काही अर्थ नाही.

पायरी ४: गोष्ट सांगताना शब्द तोलून वापरा

माझं सर्वांत जास्त नुकसान इथे झालं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. या प्रकारातली बहुतेक चूक मुलांची नसते, आपल्या वाक्यांची असते.

‘वाटणे’ हा शब्द टाळा. “सहा पेरू दोन टोपल्यांत वाटले” म्हटलं की आपल्या घरात वाढलेलं कुठलंही मूल सारखी वाटणी करणार. भावंडांत खाऊ वाटताना आपण त्याला तेच शिकवलेलं असतं. एकदा मी सात बुचं देऊन “दोन ताटल्यांत वाट” म्हटलं. मुलाने एक इकडे, एक तिकडे करत तीन-तीन ठेवली आणि सातवं बुच हातात घेऊन कितीतरी वेळ बसून राहिला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. त्याला वाटलं, आपलं चुकलं. ‘ठेव’, ‘मांड’, ‘घाल’ हे शब्द वापरा.

‘प्रत्येक’ हा शब्दही तसाच. “प्रत्येक टोपलीत किती?” या प्रश्नात दोन्हीकडे सारखे आहेत असं गृहीत धरलेलं असतं. त्याऐवजी दोन वेगळे प्रश्न विचारा: लाल टोपलीत किती? हिरव्या टोपलीत किती?

‘किती आहेत?’ आणि ‘किती असतील?’ यांत मोठा फरक आहे. ‘आहेत’ म्हटलं की एकच खरं उत्तर कुठेतरी लपलेलं आहे आणि ते मॅडमला माहीत आहे, असं मुलाला वाटतं. मग ते आपल्या तोंडाकडे बघून अंदाज बांधायला लागतं. ‘असतील’ म्हटलं की मूल स्वतः विचार करायला लागतं. सुरुवातीच्या त्या बोरांच्या उदाहरणात मी फक्त एवढा एक शब्द जोडला, ‘किती असतील?’ असं केलं, तेव्हा पहिल्यांदा वर्गातून तीन वेगळी उत्तरं आली.

‘काही’ म्हटलं तर शून्य चालत नाही. “काही डाव्या खिशात, काही उजव्या खिशात” याचा अर्थ दोन्हीकडे किमान एक तरी आहे. शून्य चालवायचं असेल तर “हवी तशी ठेव, सगळी एकाच खिशात ठेवलीस तरी चालेल” असं स्पष्ट सांगा. सातची उत्तरं शून्य धरून आठ होतात, शून्य सोडून सहा. आपल्या वाक्यातून कुठली निघतात ते आधी स्वतः मोजून ठेवा.

आणि ‘मिळून’, ‘एकूण’. हे शब्द दिसले की अधिक करायचं, अशी खूणगाठ पुष्कळ ठिकाणी शिकवली जाते. ती शिकवू नका. “दोन्ही टोपल्यांत मिळून ६ पेरू आहेत” हे वाचून मूल शेजारी दुसरा आकडा शोधतं, सापडला नाही की तोच आकडा दोनदा घेतं. माझ्या वर्गात १४ आले ते असेच. शब्दावरून क्रिया ओळखण्यापेक्षा एकच विचारायची सवय लावा: “हा आकडा सगळ्यांचा आहे की थोड्यांचा?” सहा पेरू हे सगळे. मग सहाच्या वर जाणारच नाही. एवढं कळलं तरी १४ थांबतात.

शेवटचं बोलीबद्दल. आमच्याकडे घरी अहिराणी बोलणारी मुलं खूप आहेत. गोष्ट त्यांना घरच्या बोलीत सांगितली, ‘किती’च्या जागी ‘कितला’ म्हटलं, तर जी मुलं खाली मान घालून बसायची ती बोलायला लागली. गणित तेच होतं. तुमच्याकडे जी बोली असेल त्या बोलीत गोष्ट सांगा, पाटीवरचे आकडे सगळीकडे सारखेच असतात.

पायरी ५: “अजून एक सांग”

मुलाने एक जोडी सांगितली की “बरोबर” म्हणून पुढे जाऊ नका. “हो, चालेल. अजून एक सांग,” असं म्हणा. माझा अनुभव असा की पहिलं उत्तर बहुतेक मुलांना येतं. दुसऱ्याला ती थबकतात, कारण शाळेत एका प्रश्नाला एकच उत्तर असतं हे तोवर त्यांनी शिकून घेतलेलं असतं. दुसरं उत्तर आल्यावर ते पहिल्याशेजारी लिहा, दोन्ही एकाच मापाचे, दोन्हींना तीच शाबासकी.

विकतच्या अभ्यासपुस्तिका वापरत असाल तर मागची उत्तरं जपून वापरा. एका पुस्तिकेत अशाच उदाहरणाचं उत्तर ‘३ व ४’ एवढंच छापलेलं होतं आणि घरून ‘५ व २’ लिहून आलेल्या मुलीची वही पालकांनी लाल करून पाठवली होती. तिचं उत्तर बरोबर होतं. पालकांना एक ओळ लिहून कळवा की या उदाहरणांना एकाहून जास्त उत्तरं असतात.

पायरी ६: सगळ्या जोड्या सापडल्या, हे कशावरून?

सुरुवातीला मुलं आठवेल तशा जोड्या सांगतात: २ आणि ३, ५ आणि ०, मग पुन्हा २ आणि ३. इथे मण्यांचा दोरा काढा. पाच मणी मोकळे ठेवून बाकीचे रुमालाखाली झाका. चिमटा पहिल्या मण्याच्याही अलीकडे लावा: डावीकडे शून्य, उजवीकडे पाच. चिमटा एक मणी पुढे सरकवा: एक आणि चार. असं शेवटपर्यंत. पाटीवर हे दिसतं:

० आणि ५
१ आणि ४
२ आणि ३
३ आणि २
४ आणि १
५ आणि ०

एक मुलगी ही यादी पाहताना एकदम उठून उभी राहिली. डावीकडच्या रांगेवरून बोट खाली आणत म्हणाली, “ही चढते आहे.” मग उजवीकडच्या रांगेवर, “ही उतरते आहे. एक इकडून तिकडे गेला म्हणून.” मी तिला ते पूर्ण वर्गाला तिच्याच शब्दांत सांगायला लावलं. त्यानंतर बरेच दिवस ‘एक इकडून तिकडे’ हा आमच्या वर्गाचा नियमच झाला. जोडी सुचली नाही की मुलं एक बुच उचलून दुसऱ्या ताटलीत ठेवायची, नवी जोडी तयार.

चिमट्याला पुढे जागा उरली नाही, म्हणजे जोड्या संपल्या. सहा वर्षांच्या मुलाला ‘सगळ्या सापडल्या’ याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. हुशार मुलं पुढे आपणहून ओळखतात की पाचच्या सहा जोड्या, सहाच्या सात, सातच्या आठ. त्यांनी ओळखेपर्यंत तुम्ही सांगू नका.

२ आणि ३, ३ आणि २ एकच की वेगळे? हा प्रश्न येणारच. उत्तर गोष्टीत आहे. डाव्या खिशात दोन आणि उजव्यात तीन, हे डाव्यात तीन आणि उजव्यात दोनपेक्षा वेगळं आहे. डावा खिसा फाटका असेल तर मुलाला फरक लगेच कळतो. पण दोन्ही ताटल्या अगदी सारख्या असतील आणि कुठली कोणती ते सांगताच येत नसेल, तर मांडणी एकच, आणि पाचच्या जोड्या तीनच उरतात. म्हणूनच सुरुवातीला वेगळ्या रंगांच्या ताटल्या घ्यायला सांगितलं. सारख्या ताटल्या महिन्याभराने आणा.

पायरी ७: लिहिणं, आणि ‘बरोबर’ या शब्दाचा घोळ

आता चिन्हं. ‘५ = २ + ३’ असं लिहिलं की मुलं म्हणतात, उलटं लिहिलंय. कारण = या खुणेचा अर्थ त्यांनी ‘आता उत्तर लिहा’ असा धरलेला असतो. त्यात आपण ती खूण ‘बरोबर’ अशी वाचतो, आणि ‘बरोबर’ म्हणजे मुलाच्या कानाला चूक-बरोबर मधलं बरोबर, नाहीतर ‘माझ्याबरोबर चल’ मधलं. ‘तितकंच’ हा अर्थ त्याला कुठून कळणार?

मी आधी ‘म्हणजे’ लिहिते. पाच म्हणजे दोन आणि तीन. हे वाक्य मुलं घरीही बोलतात, त्यात काहीच उलटं नाही. आठवडाभर पाटीवर ‘५ म्हणजे २ आणि ३’ असं लिहू द्या. मग ‘आणि’च्या जागी + येतं, आणि शेवटी ‘म्हणजे’च्या जागी =. तीन दिवस दोन्ही एकाखाली एक लिहा. जमलं तर कपड्यांच्या हँगरला दोन्ही टोकांना सारख्या पिशव्या बांधून तराजू करा: एका पिशवीत पाच गोट्या, दुसरीत आधी दोन आणि मग तीन. हँगर सरळ झाला की ती खूण लिहायची. गोट्या एकाच मापाच्या घ्या, नाहीतर हँगर कलतो आणि मुलं गोंधळतात.

पायरी ८: रुमाल

सातच्या सगळ्या जोड्या खेळून झाल्यावर सात बुचं मांडा, मुलाला डोळे मिटायला सांगा आणि काही रुमालाखाली सरकवा. बाहेर चार. “रुमालाखाली किती?” इथून आपण एक भाग माहीत नसलेल्या उदाहरणांत आलो, आणि तिथून वजाबाकी दोन पावलांवर आहे. मूल रुमालाखाली बोट घालून मोजायला लागलं तर अजून चिंचोक्यांवर आठवडा द्या.

मग दहा. दहाच्या जोड्या मात्र तोंडपाठ व्हायलाच हव्यात, आधीच्या सगळ्या खेळानंतर. दोन्ही हातांची बोटं हे त्याचं हुकमी साधन आहे: मी सहा बोटं दाखवली, मिटलेली किती? शाळेत जाता-येता, भाकरी भाजताना, कुठेही घेता येतं. घरी नाणी असतील तर एक-दोन-पाचची नाणी काढून “दहा रुपयांत दोन वस्तू घ्यायच्या, किती-कितीच्या घेशील?” असं विचारा. दुकानात नेऊन विचारलंत तर अजून चांगलं.

किती दिवस लागतात? रोज पंधरा-वीस मिनिटं दिली तर पाच ते सातपर्यंत यायला माझ्या वर्गाला साधारण तीन-चार आठवडे लागतात. जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान (लहान वर्गांत वाचन आणि गणिताचा पाया पक्का करण्याचं सरकारी अभियान) सुरू झाल्यापासून मुलाला अमुक येतं का याची नोंद ठेवायची घाई सगळ्यांनाच असते, ती मलाही आहे. तरी या एका विषयाला मी ते आठवडे देते, कारण पुढे हातच्याच्या वेळी ते वाचतात.

पायरी ९: मुलांना उदाहरणं करू द्या

शेवटी प्रत्येकाला एक आकडा द्या आणि गोष्ट तयार करायला सांगा. लिहिता येत नसेल तर चित्र काढू दे, तोंडी सांगू दे, तुम्ही लिहून घ्या. आमच्याकडे आलेली काही: “६ शेळ्या, गोठ्यात किती, बांधावर किती?” “आजीकडे ८ फुलं, विठोबाला किती, रखुमाईला किती?” “१० केळी, माकडाने किती खाल्ली, झाडाला किती राहिली?” या शेवटच्या उदाहरणावर वर्गात बरीच चर्चा झाली, कारण एकाचं म्हणणं पडलं की माकड सगळीच खाईल. म्हणजे १० आणि ०. ते उत्तरही आम्ही लिहिलं.

गोष्ट तपासताना तीनच गोष्टी बघा. आकडा एकच आहे ना? जागा दोन आहेत ना? आणि ‘किती असतील’ला एकाहून जास्त उत्तरं निघतात ना? “६ शेळ्या, त्यातल्या २ गोठ्यात” असं लिहून आलं तर चूक म्हणू नका, “यात मला शोधायला एकच उत्तर ठेवलंस, अजून ठेव” असं सांगा, मूल २ खोडतं. कागदाच्या मागे त्या मुलाने स्वतः सगळी उत्तरं लिहायची. हे कागद एका दोऱ्यात ओवून वर्गात टांगा, आणि वर्ष संपताना काढून जपून ठेवा: जूनमध्ये नवी पहिली आली की पहिल्या आठवड्यात हीच उदाहरणं वाचून दाखवता येतात.